ए२ की: गोखले रोडचा क्लास की घरचा अभ्यास?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या वहिनींनी केंब्रिजच्या 'ए२ की' या इंग्रजीच्या प्राथमिक पातळीच्या परीक्षेसाठी आधी क्लास लावला, मग घरीच अभ्यास केला. दोन्ही मी जवळून पाहिलं.

वाचन-लेखनाला क्लासची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत. पेपर ६० मिनिटांचा, ३२ प्रश्नांचा. त्यात लिहायचं किती? एक किमान २५ शब्दांचा निरोप आणि तीन चित्रांवरून किमान ३५ शब्दांची गोष्ट. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वहिनींचा निरोप लिहून होई! श्रवणाचंही तेच. प्रत्येक ध्वनिफीत दोनदा ऐकवतात, त्यामुळे पहिल्यांदा हुकलं तरी घाबरायचं नाही, एवढी सवय घरी सहज होते.

बोलण्याची गोष्ट वेगळी. तिथे सहसा दोन उमेदवार एकत्र बसतात. आठ-दहा मिनिटांत परीक्षकाशी आणि एकमेकांशीही बोलायचं. आरशासमोर ते जमत नाही. क्लासचा खरा फायदा इथे व्हायला हवा. पण वहिनींच्या बॅचमध्ये तीसजणी, त्यामुळे आठवड्यात जेमतेम दोन वाक्यं वाट्याला. बाकी वेळ व्याकरण फळ्यावरून उतरवण्यात.

शेवटी त्यांनी शेजारणीला जोडीला घेतलं. रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, फक्त इंग्रजीत. भेळवाल्यापाशी मात्र मराठीला सूट.

छोटी बॅच आणि जोडीने बोलून घेणारे सर मिळाले, तर महिनाभर क्लास जरूर लावा. फी भरण्याआधी एक तास बसून बघा.