जीपीए कमी आहे: आधी मास्टर्स, की पुन्हा एलसॅट?

अमेरिकेतल्या लॉ स्कूलला अर्ज करायचाय आणि बॅचलर्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी, चारपैकी) तीनच्या आसपास घुटमळतोय, तर बहुतेकांच्या मनात दोन विचार येतात. मास्टर्स करून चांगले ग्रेड दाखवावेत, नाहीतर वर्षभर नोकरी करत एलसॅट, म्हणजे लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, पुन्हा द्यावी. माझा कल मास्टर्सकडे होता. अर्जही अर्धा भरून झाला होता.

मन फिरलं ते एलसॅकच्या हिशेबामुळे. एलसॅट घेणारी आणि अर्जदारांचा जीपीए स्वतःच्या नियमांनी पुन्हा काढून लॉ स्कूलना पाठवणारी संस्था ती हीच. कॉलेजात मला चार-चार क्रेडिटच्या दोन विषयांत डी होता. दोन्ही पुन्हा घेतले, दोन्हीत बी आणला. कॉलेजने जुने ग्रेड सरासरीतून काढले आणि शेवटी ३.०५ छापून आलं. तीनच्या वर आहोत, या समाधानात मी दोन वर्षं काढली. ट्रान्सक्रिप्ट एलसॅककडे गेली आणि आकडा आला २.९२. जुन्या प्रयत्नाची क्रेडिट्स कागदावर दिसत असतील तर ते दोन्ही ग्रेड धरतात. शिवाय पहिली बॅचलर्स मिळेपर्यंतचं सगळं मोजायचं, त्यानंतरचं काहीच नाही. म्हणजे मास्टर्सला ओळीने ए मिळवले असते तरी २.९२ जागचा हलला नसता. त्या रात्री मी फीचा तक्ता पुन्हा उघडला आणि बंद केला.

(संपूर्ण पदवी भारतातली असेल तर हे दुखणं तुमचं नाही. तिथे आकडा न काढता ढोबळ श्रेणी देतात.)

मास्टर्स अगदीच वाया जातं असं म्हणणार नाही. त्याचे ग्रेड फाइलसोबत जातात, वाचणारा ते बघतो. कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली असतील आणि शिफारसपत्र द्यायला ओळखीचा एकही प्राध्यापक उरला नसेल, तर उपयोग आहे. विषयाची ओढ असेल तर प्रश्नच नाही.

एलसॅटचं तसं नाही, तिथे आकडा खरोखर हलतो. मी १५८ वरून १६६ वर गेलो. मधले दोन महिने सराव परीक्षांत एक गुणही वाढला नाही आणि ऑफिसातून येऊन पुस्तक उघडायचा कंटाळा यायचा, हेही खरं. शाळांना आधीचे स्कोअर दिसतात, पण प्रवेश मिळालेल्या वर्गाचा मीडियन (मधला आकडा) प्रत्येकाच्या सर्वांत वरच्या स्कोअरवर निघतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी वजन त्यालाच. पुस्तकं मात्र नवी घ्या: ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा भाग गेला आणि गुण धरले जाणाऱ्या तीन भागांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे (युक्तिवाद तपासण्याचे) झाले.

ॲडेंडम, म्हणजे कमी जीपीएचं कारण सांगणारी अर्जासोबतची छोटी टीप, दोन्हीकडे लागतंच. माझा पहिला मसुदा दीड पानांचं रडगाणं होता, पाठवला तो सहा ओळींचा.

जिथे प्रवेश मिळाला तिथल्या मीडियनपेक्षा माझा जीपीए बराच खाली होता, एलसॅट दोन गुणांनी वर. थोडी स्कॉलरशिपही मिळाली. एकट्याच्या अनुभवावरून नियम काढू नये, मान्य. तरी मास्टर्सची फी भरण्याआधी एलसॅकने काढलेला आकडा एकदा बघाच.

आणि एलसॅट द्यायची ठरली तर जूनमध्ये द्या. बिनसलंच तर ऑगस्टची हाताशी राहते. जागा अर्ज येतील तशा भरत जातात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज गेलेला बरा. मी जानेवारीत पाठवलेल्या एका शाळेने मला मेपर्यंत वेटलिस्टवर ठेवलं होतं.