पाणबुडीच्या मॉडेलमधला १२ व्होल्टचा रोलर पंप : पाच महिने वापरल्यावर

पंप आला त्याच आठवड्यात लिहिणार होतो, पण थांबलो. पाण्यातली वस्तू पहिल्या दिवशी सगळीच चांगली वाटते. आता पावसाळा सरला, मामांचं शेततळं काठोकाठ भरलं आणि पाणबुडी चाळीसेक वेळा तरी तळाकडं जाऊन वर आली. आता खात्रीनं लिहितो.

माझं मॉडेल ‘आयएनएस कुरसुरा’चं आहे, १:९६ मापाचं. खरी पाणबुडी विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर उभी आहे. ९१ मीटर लांब, १९६९ साली नौदलात आली, २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून तिचं संग्रहालय झालंय. आम्ही लातूरहून रेल्वेनं गेलो तेव्हा मुलगी दुसरीत होती. आतल्या नळ्यांच्या आणि चाकांच्या गर्दीतून वाकून चालताना तिनं विचारलं, “बाबा, हिला खाली कोण ओढतं?” तोंडी सांगून तिला पटेना. म्हणून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला आणि ९५ सेंटिमीटरची ही पाणबुडी बनवायला बसलो. दोन वर्षं लागली.

पाण्यात उतरण्याची व्यवस्था साधी आहे. पाइपच्या आत ५०० मिलीची सलाइनची मऊ पिशवी आहे. पंप तळ्यातलं पाणी ओढून तिच्यात भरतो. २२० मिली, म्हणजे २२० ग्रॅम पाणी आत गेलं की डेक बुडतो, मग मधला मनोरा, आणि पाणबुडी दिसेनाशी होते. पंप उलटा फिरवला की पाणी बाहेर पडतं आणि ती वर येते. (पिशवी मेडिकलमधून नवीनच घ्यावी. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. वापरलेल्या पिशव्या आणि नळ्या दवाखान्यात लाल पिशवीत जातात, त्यांना घरी आणायचा विचारसुद्धा करू नये.)

आधीचा पंप गिअरचा होता. एकमेकांत अडकलेली दोन छोटी पितळी चाकं, त्यांच्या दातांमधून पाणी पुढं जायचं. वेग छान, पंचवीस सेकंदांत पिशवी भरायची. पण आपल्याकडचं शेततळं म्हणजे काळ्या मातीचं पाणी. खाली अस्तराचा कागद असला तरी ओढ्याचा बारीक गाळ येतोच, आणि तो चाकांचे दात घासून टाकतो. दात झिजले की पंप बंद असतानाही पाणी फटीतून हळूहळू सरकतं. एप्रिलमध्ये तेच झालं. पाणबुडी काठाजवळ पाण्याखाली ठेवून आम्ही लिंबाखाली चहा घेत होतो. मामा काठावर उभे होते, त्यांनी हाक मारली, “काय रं, पुन्हा वर काढायलास का?” मी रिमोटला हातही लावला नव्हता. धावत गेलो तोवर मनोरा पाण्याबाहेर आला होता. मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

पहिल्यांदा फवारणीच्या बॅटरी पंपातला १२ व्होल्टचा पंप लावून बघितला, कारण तो इथं कुठंही मिळतो. तो पडद्याचा पंप, आत एकतर्फी झडपा. मोटार कशीही फिरवा, पाणी एकाच दिशेनं जातं. त्याच्या जोडीला दोन वॉल्व्ह लावले तर जमेल, पण माझ्या पाइपमध्ये तेवढी जागा नव्हती.

मग रात्रपाळीत मशीनसमोर बसलेलो असताना लख्खकन डोक्यात आलं. मी बारा वर्षं जो पंप रोज बघतो तोच मला हवा होता. डायलिसिस मशीनमध्ये रक्ताची नळी रोलरखाली दाबली जाते. रोलर फिरतो तसं रक्त पुढं सरकतं, रक्ताचा मशीनच्या कुठल्याच भागाला स्पर्श होत नाही. आणि पंप थांबला की नळी रोलरखाली चिमटलेलीच राहते. रक्त मागंही जात नाही, पुढंही जात नाही. मला पाणबुडीसाठी नेमकं हेच पाहिजे होतं.

छोटा रोलर पंप ऑनलाइन ८४० रुपयांना मिळाला. खोक्यावर कंपनीचं नाव नाही. पांढरा प्लॅस्टिकचा डोकं-भाग, आत तीन रोलर, त्यांच्याभोवती सिलिकॉनची नळी (आतून ३ मिमी, बाहेरून ५), मागं पितळी टर्मिनलची मोटार. हातात आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे नळीचं एक टोक तोंडात धरून गाल दुखेपर्यंत फुंकलं. दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात होतं. एक बुडबुडा आला नाही. मग चकती बोटानं थोडी थोडी फिरवत दर वेळी फुंकलं, कारण एखादा रोलर कमी दाबत असेल तर पंप नेमका त्या जागी थांबल्यावर गळतो. तिन्ही रोलर चांगले निघाले. तुम्ही घ्याल तेव्हा ही चाचणी करूनच घ्या. त्याशिवाय पाणबुडीत बसवू नका.

बसवताना एक अडचण आली. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटचा सिग्नल पाण्याखाली फार जात नाही, म्हणून मी जुना २७ मेगाहर्ट्झचा सेट वापरतो. पंप चालू केला की सुकाणूचा सर्वो (सुकाणू वळवणारी छोटी मोटार) थरथरायला लागला. मोटारीच्या ब्रशच्या ठिणग्यांचा तो त्रास. ‘१०४’ लिहिलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केले, एक दोन्ही टर्मिनलमध्ये आणि एकेक प्रत्येक टर्मिनलपासून मोटारीच्या पत्र्याला. थरथर गेली. टर्मिनलचं मूळ डाग-काम (सोल्डरिंग) मात्र कच्चं होतं, वायर हलवताच सुटली. ते नव्यानं केलं. पंपाची दिशा बदलायला एक सर्वो आणि दोन मायक्रोस्विच (हलक्या दाबानं चालणारी छोटी बटणं) पुरतात, महागडा कंट्रोलर लागत नाही.

आता वेगाचं. जाहिरातीत मिनिटाला १०० मिली लिहिलंय, मी मोजलं तर ९४ भरलं. म्हणजे २२० मिलीला दोन मिनिटं वीस सेकंद. रक्ताचा पंप मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली सहज देतो, त्यामानानं हा अगदीच सावकाश. पहिल्या दिवशी मलाही वाटलं, चुकलो. पण दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडली आणि मत बदललं. गिअर पंपाला मी एक सेकंद जास्त दाबलं की नऊ मिली जादा, आणि पाणबुडी थेट तळाला. आता पाच-पाच मिलीनं भरता येतं. २१० ला ती फक्त मनोरा वर ठेवून उभी राहते, २१५ ला मनोऱ्याच्या कडेवरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा सरकतो आणि ती तिथंच, काठापासून चार हातांवर, धरून ठेवल्यासारखी थांबते. मुलगी आता सातवीत आहे. ते बघून तिनं स्वतःच सांगितलं, “कुणी ओढत नाहीय, तिच्यातली हवा आखडतेय.” बरोबरच आहे. माझ्या पाइपमध्ये दीड लिटर हवा आहे. पिशवीत २२० मिली भरलं की तीच हवा १२८० मिलीमध्ये दाबली जाते आणि आतला दाब सतरा टक्क्यांनी वाढतो. पावणेदोन मीटर खोल पाण्याचा दाब साधारण तेवढाच. ही दाबलेली हवा पिशवीतलं पाणी बाहेर ढकलायला सतत जोर लावत असते. जुना पंप इथंच हार मानायचा. नवा पंप अर्धा तास बंद ठेवून बघितला, पाणबुडी होती तिथून हलली नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. श्रावणात पंधरा दिवस ड्यूटीमुळं जाता आलं नाही. परत चालू केला तर वेग ९४ वरून ७० वर आलेला. रोलरखाली नळी एकाच जागी दबून चपटी झाली होती, तिला पुन्हा गोल व्हायला जमेना. आता काम झालं की डोकं-भाग उघडून नळी मोकळी करतो. दोन स्क्रूंचं काम आहे, पण ते स्क्रू साध्या लोखंडाचे होते, गंजायला लागले. स्टेनलेसचे टाकले. नळी बदलताना आणखी एक धडा मिळाला. इथं मिळालेली नळी बाहेरून ५ मिमीच होती, पण भिंत पातळ. पंप फिरायचा, पण थांबल्यावर गळायचा. रोलर आणि कडा यांच्यातली फट नळीच्या दोन भिंतींच्या जाडीपेक्षा किंचित कमी असली तरच नळी पूर्ण मिटते. पातळ नळीला ती फट मोठी पडते. म्हणून नळी विकत घेताना आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मापं सांगावीत. मी सुट्या तीन नळ्या मागवून ठेवल्यात.

पिशवी भरल्यावर थांबवायची सोयही तुम्हालाच करावी लागते. हा पंप स्वतः थांबत नाही, पिशवी फुटेपर्यंत ढकलत राहील. मी पिशवीवर हलकी पट्टी ठेवलीय, पिशवी फुगली की त्या पट्टीनं एक मायक्रोस्विच दाबला जातो.

घरी चाचणी करायची तर मोठी टाकी भरावी लागते, आणि ते मला जड जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी कामावर होतो. डायलिसिसच्या चार तासांच्या एका फेरीला मिनिटाला ५०० मिलीप्रमाणे १२० लिटर द्रव लागतो, आणि तो बनवायला आरओला त्याहून जास्त पाणी. ते दिवस विसरता येत नाहीत. म्हणून दोनशे लिटरच्या ड्रमात पाणबुडी उभी धरून चाचणी करतो आणि तेच पाणी शेवग्याला घालतो. शेततळ्यावर जाताना मूल एकटं सोडू नका. अस्तराचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही. आम्ही काठावरच्या खुंटाला दोर बांधूनच उभे राहतो.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा डाग-कामाचा आणि स्क्रूंचा कापला. ८४० रुपयांत बंद असताना खरोखर बंद राहणारा पंप मिळाला, हे माझ्यासाठी मोठं आहे. पाइपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मुलीनं मार्करनं नळी बदलल्याची तारीख लिहिलीय. पुढची नळी संक्रांतीला.