‘ब्रिज झिजला आहे’ असे सांगून काढून घेतलेला ब्रिज

इंदूरमध्ये गिटार दुरुस्तीला देणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या गिटारवर नटजवळ (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) आणि ब्रिजवर (गिटारच्या अंगावरचा, तारांचे दुसरे टोक धरणारा भाग) अशा दोन्ही टोकांना तारा आवळून धरणारा फ्लॉइड रोज पद्धतीचा ट्रेमोलो (बार नावाच्या दांड्याने ब्रिज हलवून सूर खाली-वर करणारी यंत्रणा) आहे त्यांनी, हा अनुभव अवश्य वाचावा. दुकानाचे नाव येथे देत नाही. फसवणूक कशी झाली तेवढे सांगतो.

गणेशोत्सवातील कार्यक्रमापूर्वी मी एका दुकानातून तारा बदलून घेतल्या. पूर्वी गिटारवर सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची असलेला संच होता. दुकानदाराने मला न विचारता ०.०१० चा संच चढवला आणि बाकी कशालाही हात लावला नाही. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर नेहमीच्या सुरांत पहिल्या संचाचा एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो, तर दुसऱ्याचा सुमारे ४६ किलो. हा ब्रिज दोन खांबांवर केवळ धारेने टेकलेला असतो आणि पुढून तारांची व मागून स्प्रिंगांची ओढ समान असेल तेव्हाच तो गिटारच्या पृष्ठभागाला समांतर राहतो. ताण वाढताच ब्रिज पुढे कलला, तारा उंच झाल्या आणि बार दाबून सोडला की सूर जागेवर येईना.

गिटार परत नेली तेव्हा त्याच दुकानदाराने ‘ब्रिजची धार झिजली आहे, नवा ओरिजिनल बसवावा लागेल’ असे ठामपणे सांगितले. धार दाखवली नाही, कोणतीही चाचणी केली नाही. वास्तविक ही चाचणी दोन मिनिटांची आहे. गिटार सुरात लावून बार खाली दाबून सोडावा आणि ट्यूनरवर पाहावे, मग बार वर ओढून सोडावा आणि पुन्हा पाहावे. दाबल्यानंतर सूर उतरलेला आणि ओढल्यानंतर चढलेला राहत असेल, तर ब्रिज धारेवर अडकतो आहे असा संशय घ्यावा; दाबल्यानंतर सूर चढलेला राहत असेल, तर तार नटमध्ये अडकते आहे किंवा तिथली पकड सैल आहे. माझ्या बाबतीत मागच्या झाकणाखालचे, स्प्रिंगांचा पंजा (स्प्रिंगा ज्यात अडकवतात ती पट्टी) धरणारे दोन स्क्रू थोडे थोडे आवळून, दर वेळी सूर पुन्हा लावत, ब्रिज समांतर आणणे एवढेच काम होते. जरूर पडली तर एखादी स्प्रिंग वाढवावी लागली असती.

नवा ब्रिज बसला, मोठी रक्कम घेतली गेली आणि पावतीऐवजी चिठ्ठीवर आकडा लिहून मिळाला. काही आठवड्यांतच बार वापरला की सूर पुन्हा उतरू लागला. लोकमान्यनगरातील एका अनुभवी वादक मित्राने ब्रिजच्या प्लेटला धारेजवळ चुंबक लावला, तो चिकटलाच नाही. माझ्या जुन्या ब्रिजची प्लेट कठीण केलेल्या पोलादाची होती. ही जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव प्लेट निघाली, जिची धार खांबांच्या पोलादावर घासून लवकर बोथट होते. चुंबक प्लेटलाच लावावा, खालच्या ठोकळ्याला नव्हे, कारण चांगल्या ब्रिजचा ठोकळाही पितळेचा असू शकतो आणि पितळेला चुंबक चिकटत नाही.

जुना ब्रिज मागितला तेव्हा ‘भंगारात टाकला’ असे उत्तर मिळाले. धड असलेला पोलादी ब्रिज कोणी भंगारात टाकत नाही, तो दुसऱ्या गिटारवर विकला जातो, हे माझे स्पष्ट मत आहे. माझ्याजवळ दुरुस्तीपूर्वीची गिटारची छायाचित्रे आणि पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद होती. ती घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. ही माहिती दुकानदाराला लेखी कळवल्यावर त्याने ब्रिजची रक्कम परत केली. मजुरी आणि जुना ब्रिज मात्र अद्याप मिळालेला नाही, त्यासाठी आयोगाकडे अर्ज तयार करत आहे.