मकरपुरा जीआयडीसीतला डायनो: ब्रेक उत्तम, पंखा अपुरा

बांधून घेतलेलं टर्बो पेट्रोल इंजिन ट्यून करायचं असेल तर बडोद्यातली ही शेड कामाची आहे. डायनो, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र, इथे एडी करंट ब्रेकचा (चुंबकाच्या जोरावर रोलर रोखणारा) आहे, नुसत्या जड रोलरचा नाही. त्यामुळे ३००० आरपीएमवर लोड धरून ठेवता येतो आणि मॅपमधला (इंधन-इग्निशनच्या आकड्यांच्या तक्त्यातला) एकेक कप्पा भरता येतो.

तयारीत हयगय नाही. टायरचा दाब लिहून ठेवतात, पट्टे दोन्हीकडून आवळतात, वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरच्या, आधी बसवतात. ऑइल ८० अंशांवर गेल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नाही. रन, म्हणजे मोजणीची धाव, १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये. फुल लोडवर एअर-फ्युएल रेशो (हवा-इंधनाचं प्रमाण) ११.५ ते १२. तो १३ कडे सरकला, म्हणजे इंधन कमी पडू लागलं, की रन तिथेच तोडतात, हे फार बरं.

खोट पंख्याची. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर, त्यात इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागाला) वारा तोकडा. लागोपाठच्या रनमध्ये इनटेकचं तापमान चढतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, पॉवर घसरते आणि बोल मात्र ट्यूनरला. सकाळचा पहिला स्लॉट मागा, दोन रनमध्ये इंजिन निवू द्या.

प्रिंटवर करेक्शन (हवेच्या तापमान-दाबानुसार आकड्याची दुरुस्ती) एसएई पद्धतीचं आहे का बघा; एसटीडी या दुसऱ्या पद्धतीचा आकडा साधारण ४ टक्के फुगलेला असतो. चाकांवरच्या आकड्यात अंदाजे टक्के मिसळून ‘क्रँकची पॉवर’ (थेट इंजिनच्या शाफ्टवरची) देऊ केली तर घेऊ नका. शंका आली तर टॉर्क (न्यूटन मीटर) गुणिले आरपीएम भागिले ९५४९ करा, किलोवॅट आलेखाशी जुळलेच पाहिजेत.