फिनिक्सच्या हरळीवर दोन हिवाळे : सात काठ्यांच्या गोल्फ सेटचा अनुभव

मी परभणीचा. कृषी खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. मुलगा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला असतो. त्याच्याकडे ऑक्टोबर ते मार्च असे दोन हिवाळे राहिलो आणि दोन्ही वेळेस आठवड्यातून तीन-चार दिवस गोल्फ खेळलो. घरी परतून आता पाच महिने झालेत. सेटातल्या तीन काठ्या सोबत आणल्या, त्या इथेही वापरतोय. आपल्याकडचे पुष्कळ आईवडील मुलांकडे सहा-सहा महिने जाऊन राहतात आणि चार भिंतींत दिवस मोजतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी सेटबद्दल. मुलाच्या घराजवळ एका अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडली होती, तिथून 40 डॉलरला घेतला. लांब फटक्यासाठी एक पाच नंबरचा वुड, मधल्या अंतरांसाठी पाच-सात-नऊ नंबरचे आयर्न, जवळून बॉल उंच उचलायला दोन वेज आणि बॉल खळग्याकडे घरंगळवायला एक पटर. नियमाप्रमाणे पिशवीत 14 काठ्या चालतात, पण मला सात कधीच कमी पडल्या नाहीत. पिशवी खांद्याला लावून चालता येते, हा त्यातला मोठा फायदा. नऊ नंबरची आणि सात नंबरची, या दोन काठ्यांवर माझा निम्मा खेळ झाला. एक चूक मात्र झाली : पहिल्या हिवाळ्यानंतर सेट मुलाच्या गाडीच्या डिकीतच राहिला. तिथला उन्हाळा आपल्या मे महिन्यापेक्षा कमी नाही. 2023 साली सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. परत गेलो तेव्हा मुठीचं रबर कडक होऊन हातातून सटकत होतं. सगळ्या मुठी बदलून घ्याव्या लागल्या, तो खर्च सेटच्या किमतीपेक्षा जास्त झाला. काठ्या घरात, सावलीत ठेवा.

आता हरळीबद्दल, कारण या खेळात माझं मन कशाने गुंतलं असेल तर तिनेच. पहिल्या दिवशी मुलगा एन्कान्टो पार्कच्या कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, घेऊन गेला. मी खाली वाकून गवत उपटून बघितलं. पेर, पान, जमिनीलगत धावणारा फुटवा, सगळं ओळखीचं. तिकडे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. नोकरीची सगळी वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आलो की उन्हाळ्यात खोल नांगरट करा, काशा, म्हणजे जमिनीतली खोडं, वेचून जाळा, एक पेर राहिलं तरी रान पुन्हा भरेल. आणि इथे माणसं त्याच काशा विकत आणून लावत होती. कोर्सवर बहुतेक संकरित जाती असतात, त्यांना उगवणारं बी धरत नाही, म्हणून काशांवरच लागवड करावी लागते. ग्रीनवर, म्हणजे बॉल ज्यात घालायचा त्या खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, ती तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेली असते. जात्यावरून हात फिरवावा तशी सपाट. त्या दिवशी मी खेळण्यापेक्षा गवतच जास्त बघितलं.

थंडी पडली की हरळी पिवळी पडून झोपते. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात तिच्यावर राय गवताचं बी फेकतात आणि त्या काळात कोर्स काही आठवडे बंद असतात. तेव्हा ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. मी पहिल्या वर्षी न विचारता गेलो आणि फाटकावरून परतलो. बी उगवून आलं की डिसेंबरात सगळं पोपटी हिरवं. पहाटे कधी दव गोठलं तर ते वितळेपर्यंत कुणालाच आत सोडत नाहीत, कारण गोठलेल्या पानावर पाय पडला की पान काळं पडतं. कुणी त्यावर कुरकुर करत नाही. काठीच्या फटक्याने माती उडाली तर जाताना त्या खड्ड्यात बी मिसळलेली वाळू टाकायची, ग्रीनवर बॉल आपटून खाच पडली तर ती नीट करायची, कोर्सवर मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यातून निघताना दंताळं ओढून पाऊलखुणा पुसायच्या. जमिनीची अशी काळजी घेणारा दुसरा खेळ मी बघितलेला नाही.

नव्याने शिकणाऱ्याने एन्कान्टोच्या नऊ होलच्या कोर्सपासूनच सुरुवात करावी. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा. तो कोर्स शहराच्या मालकीचा आहे, जमीन सपाट, उंच ताडांच्या रांगा, बहुतेक होल पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत बॉल खळग्यात जावा अशी अपेक्षा. दोन तासांच्या आत फेरी संपते. शेजारीच 18 होलचा जुना कोर्स आहे, 1935 सालचा. तो मी दुसऱ्या हिवाळ्यात खेळलो. त्याहून देखणा पपागो. 1963 साली झालेला, हाही शहराचाच, तांबड्या खडकाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. संध्याकाळी ते खडक पेटल्यासारखे दिसतात. पण अंतरं मोठी आहेत, माझ्या ताकदीबाहेरची. वर्षातून एक-दोनदा जावं आणि डोळे भरून बघावं असा.

वाळवंटातला एक महागडा कोर्सही मुलाने वाढदिवसाला खेळवला. गवताच्या हिरव्या पट्ट्या आणि मध्ये नुसती दगड-काट्यांची जमीन. एका होलपासून दुसरं इतकं लांब की बॅटरीच्या गाडीशिवाय पर्याय नाही. पंधरा बॉल गेले. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा पँटला चिकटला, तो कंगव्याने काढावा लागला. चालायला न मिळाल्याने माझा जीव रमला नाही. ज्यांना देखावा हवा त्यांनी जावं. आमच्या वयाच्या माणसाला चालण्यासाठी खेळायचं असेल तर शहराचे कोर्सच बरे.

पाण्याचा विचार मात्र डोक्यातून जात नव्हता. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन कधी सुटतं याची वाट बघण्यात आमच्या भागाचं आयुष्य गेलं, 2016 ला लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. आणि फिनिक्सला वर्षाला 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. तरी खेळाला एवढं पाणी? चौकशी केली तेव्हा कळलं, की 1980 साली तिथे भूजलाचा कायदा झाला आणि नव्या कोर्सला होलमागे साधारण पाच एकर हिरवळ धरून पाणी मोजून मिळतं. वाळवंटी कोर्सवर गवताच्या नुसत्या पट्ट्या का, याचं उत्तर तिथे मिळालं. शेजारच्या स्कॉट्सडेलमध्ये बरेच कोर्स सांडपाणी शुद्ध करून त्यावर जगवतात. माझं पूर्ण समाधान झालं नाही, आजही नाही. पण पाणी मोजून देणं आणि सांडपाण्यावर हिरवळ राखणं या दोन गोष्टी आपल्या गावोगावच्या बागांनी उचलाव्यात असं मला मनापासून वाटतं.

शिकवणीचा अनुभव चांगला आला नाही. एका सरावाच्या मैदानावर पाच तासांचे पैसे आगाऊ भरले. शिकवणारा तरुण मला कंबर आणि खांदा अशा कोनात वळवायला लावत होता की तिसऱ्या दिवशी उजवा खांदा धरला. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. तीन आठवडे घरी बसलो. पुढे मला मार्ग सापडला तो गोफणीतून. लहानपणी हुरड्यात आलेली ज्वारी राखायला मी माळ्यावर उभा राहायचो. गोफणीत जोर लावून उपयोग नसतो, दगड सोडायची वेळ साधावी लागते. काठीचंही तेच. हात सैल सोडले, अंगाच्या वळणाबरोबर काठी येऊ दिली, आणि बॉल सरळ निघू लागला. आगाऊ पैसे भरू नका आणि पहिल्याच दिवशी सांगा की वय काय, दुखणं काय.

एकट्याने गेलं तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला तिघांच्या गटात जोडून देतो. हिवाळ्यात मिनेसोटातून, कॅनडातून थंडी चुकवायला आलेली म्हातारी माणसं तिथे भरपूर असतात. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण चांगला फटका बसला की काय म्हणायचं हे सगळ्यांना कळतं. एका आजोबांचा गव्हाचा मोठा कारभार होता. त्यांच्याशी गव्हावरच्या तांबेरा रोगावर तासभर बोललो. संध्याकाळच्या सवलतीच्या वेळी जावं, फी कमी पडते आणि घाई करणारं कुणी नसतं. हिवाळा तिथला गर्दीचा मोसम, दर सर्वांत जास्त तेव्हाच. खिशात शेंगदाणे-गूळ आणि पाणी ठेवा. माझी रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 8.1 वरून 7.2 वर आली, गोळ्या त्याच होत्या.

परभणीत गोल्फ कोर्स नाही. नऊ नंबर, वेज आणि पटर एवढंच सोबत आणलं. एप्रिल-मे महिन्यात हरभरा निघालेल्या आमच्या रानात रोज सकाळी पन्नास फटके मारायचो. उघड्या काळ्या मातीवर काठी आधी बॉलला लागली तरच बॉल उठतो, जमिनीला लागली तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. त्यामुळे फटका सुधारला. भेगांनी मात्र बॉल गिळले, काही हात घालूनही निघाले नाहीत. जूनमध्ये सोयाबीन पेरल्यापासून गच्चीवर शेडनेट दुहेरी टांगून फक्त फोमचे बॉल मारतो. खरा बॉल वस्तीत मारू नका, तो कुणाच्याही डोक्याला लागू शकतो. पटरचा सराव घरातल्या फरशीवर होतो. ही म्हणाली, "अहो, बांधावरची हरळी तशीच राहू द्या ना एवढ्या जागेत." विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत यंदा ती काढली नाही. पाऊस चांगला झाला, दाट आलीय. कापायचं यंत्र मिळेपर्यंत विळ्यानेच कापतोय, आणि खळग्यासाठी 108 मिलिमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा शोधतोय.