‘आपले कृपादान ओळखा’ अभ्यासवर्ग : प्रश्नावलीपेक्षा प्रत्यक्ष सेवेचा भाग मोलाचा

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) घेतला जाणारा कृपादानांचा, म्हणजे सेवेसाठी देवाने प्रत्येकाला दिलेल्या देणग्यांचा, अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. नाव घालावे की नाही, असे बऱ्याच जणांनी विचारले, म्हणून सविस्तर लिहिते. पहिला अर्धा भाग ठीक आहे, दुसरा उत्तम आहे, आणि समारोपाचा कार्यक्रम वगळला असता तर फार बरे झाले असते. मी उपासनेत कीबोर्ड वाजवते आणि गायकवृंदाची तयारी करून घेते. तेव्हा माझे बरेचसे म्हणणे त्या अंगाने आलेले आहे.

वर्गाचे चार टप्पे आहेत : शास्त्रपाठ, प्रश्नावली, आपल्याला जवळून ओळखणाऱ्या तिघांचे मत आणि शेवटी प्रत्यक्ष सेवा.

शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचा अभ्यास, वर्ग चालवणाऱ्या बाईंनी मन लावून घेतला. रोमकरांस 12, करिंथकरांस पहिले पत्र 12, इफिसकरांस 4 आणि पेत्राचे पहिले पत्र 4 ही चारही ठिकाणे शेजारी शेजारी मांडली. कृपादानांची एकही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही, म्हणजे कोणतीच यादी पुरी मानायची नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. रोमकरांच्या पत्रात यादीच्या आधी तिसऱ्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल बजावतो की, कोणी स्वतःला वाजवीपेक्षा मोठे समजू नये. दाने त्यानंतर येतात. हा क्रम मी आजवर कधी नीट पाहिला नव्हता.

मत्तय 25 मधल्या दृष्टान्तावरचा पाठ मला सर्वांत आवडला. त्यात परदेशी जाणारा धनी तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवून जातो. एक तालांत म्हणजे साधारण 6000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला एकच तालांत मिळाला त्याच्याही हातात जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. ‘माझ्याकडे काय आहे द्यायला’ असे म्हणणारे आमच्या गटात बरेच होते, आणि हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर त्यांचे चेहरे बदलले. पाच तालांतवाल्याला आणि दोन तालांतवाल्याला धनी जे म्हणतो, तेही शब्दशः एकच आहे : ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा.’ जास्त कमावले म्हणून जास्त शाबासकी नाही.

प्रश्नावलीबद्दल मात्र माझी नाराजी आहे. कृपादाने शोधण्याच्या अशा प्रश्नावल्या 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या मंडळ्यांमध्ये रूढ झाल्या. रिचर्ड हाउट्स यांनी एक तयार केली, पीटर वॅग्नर यांनी ती सुधारली, आणि पुढे तिच्या धर्तीवर कितीतरी निघाल्या. आमच्या हाती आलेली त्याच घराण्यातली वाटली. एकेक विधान वाचायचे, आपल्याला किती लागू पडते त्याप्रमाणे गुण द्यायचे, शेवटी बेरीज करायची. अडचण अशी की निम्मी विधाने आवडीनिवडीची आहेत. ‘लोकांपुढे बोलताना मला आनंद होतो’ यावर भरघोस गुण दिले की नावापुढे ‘शिक्षण’ लागते. ऐकणाऱ्यांना काही समजते का, हे कुठेच विचारलेले नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने ती भरली तर बहुतेक रकान्यांत शून्य येईल, कारण उठणे, जाणे, भेटणे, उभे राहणे यावरच तिचा भर आहे. रोज नाव घेऊन मंडळीतल्या प्रत्येकासाठी प्रार्थना करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना अशा कागदावर जागा नसावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

संगीताचा रकानाही त्यात नाही. नव्या करारातल्या याद्यांत संगीत येत नाही हे खरे, पण त्यामुळे ते सेवेच्या बाहेर पडत नाही. जुन्या करारात, पहिल्या इतिहासाच्या 25 व्या अध्यायात, मंदिराच्या उपासनेसाठी आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतले 288 कुशल गायक-वादक मोजलेले आहेत. त्यांच्या सेवेच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या गेल्या, आणि त्यात लहानमोठा, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. गायकवृंदात पुढच्या रांगेवरून कुरबुर सुरू झाली की हा अध्याय वाचून दाखवावा. वर्गात तो घेतला गेला नाही. पुढच्या वेळी घ्यावा, असे मी बाईंना सुचवले आहे.

तिसऱ्या टप्प्यावर वर्ग एकदम जमिनीवर येतो. आपल्याला ओळखणाऱ्या तिघांना एक छोटा फॉर्म द्यायचा. त्यात दोनच प्रश्न : या व्यक्तीमुळे तुम्हाला कधी आधार मिळाला का? तेव्हा तिने नेमके काय केले? गुण नाहीत, बेरीज नाही. माझ्या तिन्ही फॉर्मांत माझ्या वाजवण्याबद्दल एक ओळही नव्हती. एकीने लिहिले होते की सूर चुकला तर मी सर्वांसमोर नाव घेत नाही, तालीम संपल्यावर शेजारी बसून तेवढी ओळ परत म्हणून घेते. ते वाचून माझे डोळे भरून आले. गटातल्या एका भगिनीचे गुण ‘शिक्षण’ या रकान्यात सर्वाधिक होते, पण तिघांनीही लिहिले की ती आजाऱ्यापाशी न बोलता बसून राहू शकते. पुढच्या टप्प्यासाठी बाईंनी तिला वर्ग शिकवायला न देता रुग्णांच्या भेटींना पाठवले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला.

आता प्रत्यक्ष सेवा. याच भागासाठी मी हा वर्ग सुचवीन. नियम तीन. आधीपासून सेवा करणाऱ्याच्या हाताखाली जायचे. पहिल्या भेटीत आपले कौशल्य वापरायचे नाही, समोर येईल ते काम करायचे. आणि सेवेचे फोटो काढायचे नाहीत, उपासनेत तिची घोषणाही करायची नाही.

उपासनेला येऊ न शकणाऱ्या वयस्कांची एक प्रार्थनासभा असते. तिथे मला एका काकांच्या हाताखाली दिले. ते कितीतरी वर्षे जात आहेत. पहिल्या भेटीत मी खुर्च्या मांडल्या, मोठ्या टायपातली गीतपुस्तके उघडून दिली, ज्यांचे हात थरथरतात त्यांची पाने धरून बसले. पुढच्या भेटीला कीबोर्ड नेला. गीत मी काळी तीनमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, बसवले होते, डाव्या हाताला भरगच्च कॉर्ड. पहिल्या रांगेतल्या एक आजी पहिली ओळ गायल्या आणि दुसरीपाशी थांबल्या. काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “ताई, पट्टी उतरवा. आणि नुसती चाल वाजवा, त्यांना श्वास घेऊ द्या.” मी काळी एकवर आले, डावा हात उचलला आणि आजींकडे पाहत वाजवू लागले. श्वास घेताना त्यांचा उजवा खांदा किंचित वर येतो. खांदा खाली आला की पुढची ओळ सुरू करायची, एवढाच माझा ताल. त्या सगळी कडवी गायल्या. मागच्या रांगेतले, आतापर्यंत गप्प असलेले एक आजोबाही शेवटच्या कडव्याला मिसळले. एका बोटाने वाजवलेली ती चाल मला कोणत्याही सणाच्या उपासनेतल्या वादनापेक्षा मोलाची वाटते.

पहिल्या मंडळीची हकीकत सांगणाऱ्या प्रेषितांची कृत्ये 6 मध्येही आधी गरज पुढे आली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होत होती, आणि त्यासाठी सात जण निवडले गेले. ‘माझ्यात काय आहे’ या प्रश्नाने त्या अध्यायाची सुरुवात होत नाही. वर्गाची सुरुवात मात्र त्याच प्रश्नाने होते, आणि म्हणूनच पहिला अर्धा भाग मला कमी पडतो. काकांनी कधी प्रश्नावली भरली असेल असे वाटत नाही. कोणाला काय हवे आहे, याकडे त्यांचे बारीक लक्ष असते.

शेवटचे काम म्हणजे आपल्याला येते ते दुसऱ्या एकाला शिकवायला घेणे. जुन्या करारातल्या निर्गमात निवासमंडपाचे कारागीर बसालेल आणि अहलियाब यांना सोने, रुपे, लाकूड, विणकाम यांचे कसब देवाने दिले, आणि त्याबरोबर इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली असे 35 व्या अध्यायात म्हटले आहे. मी एका शाळकरी मुलीला साथ करायला शिकवते आहे. ती लवकरच माझ्या जागी बसू शकेल, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

समारोपाबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. फोटो नकोत, घोषणा नको, असे सांगून आमच्याकडून सेवा करून घेतली, आणि शेवटी सर्वांना पुढे बोलावून प्रमाणपत्रे दिली. ज्याच्या नावापुढे जास्त कृपादाने त्याला जास्त टाळ्या. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग, योहान 13, आम्ही त्याच वर्गात शिकलो होतो. हा कार्यक्रम बंद करावा आणि त्याऐवजी ज्यांची सेवा झाली त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे मी लेखी कळवले आहे.

मंडळीत नवे असाल, किंवा ‘मला काहीच येत नाही’ असे वाटत असेल, तर जरूर जा. आधीच चार-चार जबाबदाऱ्या सांभाळून थकलेल्यांनी सध्या थांबावे, कारण या वर्गात काम वाढते, कमी होत नाही. प्रश्नावलीच्या बेरजेवरून स्वतःबद्दल काही ठरवू नका. तिघांचे फॉर्म मात्र पहिल्याच आठवड्यात द्या, लोकांना आठवून लिहायला वेळ लागतो. त्यातला एक तरी फॉर्म तुमच्याहून वयाने लहान असलेल्याला द्या. माझ्या तिघांत सर्वांत उपयोगी उत्तर गायकवृंदातल्या सर्वांत धाकट्या मुलीचे होते.