घरच्या घरी कोरोना तपासायचं किट : खेड्यात कितपत चालतं?

किट घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. घ्यावं, पण एकाच कामासाठी. अंगात ताप आहे, खोकला आहे आणि आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ झोपायचं की नाही हे आताच्या आता ठरवायचं आहे, तेव्हा. लग्नाला जाताना "मी निगेटिव्ह हाव" असं सांगता यावं म्हणून घेत असाल, तर पैसे खिशातच राहू द्या.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातला संत्रावाला. जानेवारी 2022 ची गोष्ट. आंबिया बहारासाठी संत्र्याची झाडं काही दिवस बिनपाण्याची ठेवतात, तो ताण तोडून बगीच्याला पाणी सोडायचे दिवस, आणि पंपाची लाईन रात्रीची. थंडीत रात्रभर ओल्यात उभा राहिलेला माणूस सकाळी शिंकला तर आमच्याकडे त्याला कोणी कोरोना म्हणत नाही. माझं अंग मोडून आलं, घसा धरला, ताप चढला, तरी घरात सूर एकच : रात्रीच्या पाण्यानं बाधलं. बाधलंही असेल. पण बाबा सत्तरीपार, शुगरचे पेशंट, आणि त्यांची खाट माझ्या खाटेपासून हातभर. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होती, हे खरं. पण ताप अंगावर घेऊन मोटरसायकलवर तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, नमुना अमरावतीला जाणार आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात वावरायचं कसं? म्हणून पुतण्याला मेडिकलमध्ये पाठवून किट मागवलं. डब्यावर 250 छापलेले होते, दुकानदारानं तेवढेच घेतले. बाबांनी डबा उलटापालटा करून पाहिला. "नाकात काडी घालाचे अडीचशे?"

भारतात अशा किटला पहिली परवानगी आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मे 2021 मध्ये दिली, पुण्याच्या मायलॅबच्या 'कोविसेल्फ'ला. पुढे बाकीच्या कंपन्याही आल्या. माझं किट त्यातल्याच एकीचं. नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी एका डब्यापुरत्या नाहीत.

आधी जे चांगलं ते. वापरायला सोपं आहे. दवाखान्यात काडी पार मेंदूला लागते की काय असं वाटायचं, इथे तसं नाही. दोन ते चार सेंटीमीटर आत, दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची, डोळ्यांतून पाणी येतं तेवढंच. मग काडी नळीत आधीच भरलेल्या द्रावणात घोळायची, वरचा भाग मोडून टाकायचा, झाकण लावायचं आणि पट्टीच्या खळग्यात दोन थेंब. पंधरा मिनिटं थांबायचं. 'सी'ची, म्हणजे पट्टी चालू आहे हे सांगणारी रेघ लगेच उमटली, ठसठशीत. 'टी'ची, म्हणजे कोरोना असल्याची, अगोदर दिसेचना. मग गुलाबी सावली पडल्यासारखी वाटली, इतकी फिकी की बायकोनं पट्टी खिडकीपाशी नेली, तिरपी धरली आणि म्हणाली, "हाये जी. बारीक हाये, पण हाये." फिकी असली तरी ती पॉझिटिव्हच धरतात. आणि ताप-खोकला असलेल्या माणसाची घरची तपासणी पॉझिटिव्ह आली की दुसऱ्यांदा तपासायची गरज नव्हती, ही तेव्हाच्या नियमातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट. तासाभराच्या आत मी बिस्तरा उचलून शेतातल्या खोलीत गेलो. किटनं अडीचशे रुपये तिथेच फेडले.

एक गोष्ट मात्र कागदावर ठळक छापायला पाहिजे. वीस मिनिटांनंतर पट्टी वाचायची नाही. आमच्या शेजाऱ्यानं तपासणी केली, रेघ एकच आली, पट्टी ओट्यावर ठेवून तो बैलांना कडबा टाकायला गेला. परत येऊन पाहतो तर दुसरी रेघ! घरभर गोंधळ, सुनेनं माहेरी फोन लावला. आशाताईंनी येऊन समजावलं की उशिरा उमटलेल्या रेघेला काही अर्थ नसतो.

आता गाऱ्हाणी. माझ्या डब्यातला कागद इंग्रजीत आणि हिंदीत, अक्षर मुंगीएवढं. मराठीत एक ओळ नाही. वर अॅप. निकालाचा फोटो तेव्हा त्यात टाकायचा होता, म्हणजे तो आयसीएमआरकडे नोंदला जायचा. चांगलं होतं, नोंद व्हायलाच पाहिजे. पण आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर. ओटीपी गच्चीवर येतो, पट्टी खाली टेबलावर सपाट ठेवलेली. वर नेली तर वारा, खाली ठेवली तर अॅप गोल-गोल फिरतं. तापानं फणफणलेला माणूस जिना चढ-उतर करतोय, असं किट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कधी आलं नसावं. शेवटी पुतण्याला मास्क लावून वर उभं केलं. तो वरून ओटीपीचे आकडे ओरडून सांगायचा, गावालाही पाठ झाले असतील.

आणि कचरा. वापरलेली काडी, नळी, पट्टी सोबतच्या पिशवीत भरून बंद करा, नीट विल्हेवाट लावा, असं लिहिलेलं. शहरात घंटागाडी येत असेल. आमच्याकडे उकिरडा, आणि उकिरड्यावर कोंबड्या. पिशवी शेवटी उपकेंद्राच्या नर्सबाईंनी नेली, लसीच्या सुया जिथे जातात तिथे टाकायला. ते त्यांचं काम नव्हतं.

सगळ्यात मोठी गोष्ट तापमानाची. डब्यावर लिहिलेलं : 2 ते 30 अंशांत ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर असतो, आणि टिनाच्या खोलीत दुपारी काय होतं ते तिथे बसणाऱ्यालाच माहीत. एक जास्तीचं किट घेऊन ठेवलं होतं, ते उन्हाळाभर फ्रिजच्या दारात बाबांच्या इन्सुलिनशेजारी राहिलं. लाईन गेली की दोघांचीही काळजी. फ्रिजमधून काढलं की लगेच वापरायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, हेही लक्षात ठेवा.

थंडाव्याचं हे गणित आम्हाला लसीनं आधीच शिकवलं होतं. मार्च 2021 मध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा अमरावती जिल्हा दुसऱ्या लाटेत होरपळत होता, लॉकडाऊन फेब्रुवारीतच लागून गेला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत नर्सबाई निळा डबा घेऊन यायच्या, आत बर्फाच्या पिशव्या, कारण लसीला 2 ते 8 अंशच लागतात. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा जणांचे डोस, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. त्यामुळे त्या आधी माणसं मोजायच्या. "आठ झाले. अजून दोघं आना, मंग फोडतो." आशाताई बांधावर जाऊन हाका मारायच्या. दोघं मिळाले की नर्सबाई कुपीवर पेनानं वेळ लिहायच्या, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहायच्या आणि मगच पहिली सुई भरायच्या. एवढी शिस्त मी कोणत्या बँकेत पाहिली नाही.

आमची एक काकू मात्र लस आली की वावरात निघून जायची. "मले काई झालं नाई, त मंग सुई कायले टोचाची?" नोव्हेंबरात घरोघर लस द्यायच्या मोहिमेतले 'हर घर दस्तक'वाले दारात आले, तेव्हा तिचा निरुपाय झाला.

बाबांनी पहिला डोस मार्चअखेरीस घेतला. दुसऱ्याची तारीख जवळ आली तोच 13 मे ला नवा नियम निघाला, कोविशिल्डमध्ये 12 ते 16 आठवड्यांचं अंतर. बाबा वैतागले. "हे काय पंचांग पाहून तारखा बदलवते?" त्याच दिवसांत कोविनवर, म्हणजे लसीची नोंदणी करायच्या सरकारी पोर्टलवर, आमच्या आरोग्य केंद्राचे स्लॉट बाहेरच्या शहरांतले लोक पटापट बुक करायचे आणि गाड्या घेऊन यायचे, गावातला पोरगा गच्चीवर रेंज शोधत राहायचा. बाबांना दुसरा डोस जूनअखेरीस मिळाला.

म्हणून जानेवारीत मी शेतात गेल्यावर बाबांनाही खोकला सुरू झाला, तेव्हा घाबरलो, पण आदल्या वर्षीएवढा नाही. त्यांची तपासणी उपकेंद्रातच झाली, पॉझिटिव्ह. बोटाला ऑक्सिमीटर लावून आशाताई रोज आकडा लिहून घ्यायच्या, 95-96 च्या खाली तो आला नाही. तेव्हा घरी राहण्याचा नियम सात दिवसांचा होता, शेवटचे तीन दिवस ताप नको. बायको बांधावर कण्या आणि ताक ठेवून जायची, तुरीच्या सोल्यांची भाजीही आली एकदा. चव गेली नव्हती, नशीब. खोकला मात्र पुढे बरेच दिवस रेंगाळला आणि पाण्याच्या पाळ्या भावाला कराव्या लागल्या. बाबांचा तिसरा डोसही पुढे गेला, कारण बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं.

तर किटला पाचपैकी तीन. एक मराठी नसल्याचा आणि एक आमच्या उन्हाळ्याचा विचार न केल्याचा कापला. निगेटिव्ह आलं आणि ताप उतरत नसेल तर किटवर विसंबू नका, प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर तपासणी करून घ्या, उपकेंद्रात विचारलं तर सांगतात कुठे ते. घेताना मुदत पाहा, आणि दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेला डबा देऊ लागले तर घेऊ नका, आतला काढायला सांगा.